चार मिनिटांचा धवला

आमच्या पार्टीची पहिली कॅसेट निघाली तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावातले आम्ही चौघं. बेंजो, कॅसिओ, ढोल, आणि ऑक्टोपॅडवर मी. हळदीला लोकांना नाचवायचं हा आमचा धंदा. हिंदी सिनेमातला डिस्कोचा ठेका घेऊन त्यावर आपली लग्नाची गाणी बसवायची, ही टूम माझीच. शहाणपणा नडला म्हणतात तो असा.

आई धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन लावते. हे विधीचं गाणं म्हणजे धवला. तो दोघींनी गायचा असतो, एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची. आई आणि शेजारच्या आळीतली मावशी, ही जोडी पेणपासून रोह्यापर्यंतच्या गावांत जायची. आधी देवांना आवतण, मग गावाला, आणि सगळ्यात शेवटी घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. तिथं आल्यावर एरवी कुणाला न जुमानणारे बाप्ये मांडवाचा खांब धरून उभे राहायचे.

मी दोघींना पेणच्या स्टुडिओत नेलं. डोळे मिटून त्या गायला लागल्या त्या पाऊण तास थांबल्या नाहीत. आम्हाला हवी होती चार मिनिटं. मी पहिली दोन कडवी ठेवली, मध्ये कॅसिओचा तुकडा टाकला आणि खालून ठेका सोडला.

"आनि मेलेल्या मानसांचा?" आईनं विचारलं.

"त्याच्यावर कोन नाचनार? तो पुढच्या कॅसेटला घेऊ."

मावशी हसली, आई हसली नाही. बाकीचा धवला होता त्या टेपवर स्टुडिओवाल्यानं दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी भजन भरलं. मला विचारून भरलं आणि मी हरकत घेतली नाही.

पुढची कॅसेट कधी निघाली नाही. पहिली मात्र इतकी चालली की वर्षभरात या पट्ट्यातल्या झाडून सगळ्या पार्ट्या तोच ठेका वाजवायला लागल्या. हळदीची गाणी, गणपतीची गाणी, सगळ्यांच्या खाली माझा ठेका. मी कॉलर ताठ करून फिरायचो.

त्याच सुमारास रोह्याकडच्या एका लग्नाला आईला आणि मावशीला बोलावणं होतं. मीही सोबत होतो. आई मांडवात बसून घसा साफ करतेय तोवर नवऱ्यामुलाची काकी म्हणाली, "बस गो बाय, उगाच घसा कशाला फोडतेस? कॅसेट लावलीय. तूच हायस की तिच्यात." आईनं पदर सावरला आणि शेजारी बसलेल्या पाहुणीला सांगितलं, "माझ्या पोरानं काढलीय." मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तिला नंतरही बोलावणी यायची, पण जेवायची. डीजे आल्यावर आमची पार्टीही मोडली आणि मी डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागलो. मधल्या काळात मावशी गेली, आणि तीन वर्षांपूर्वी माझा बाप गेला. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. नातीचं लग्न बघायचं एवढंच त्याचं मागणं होतं.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मांडवात बापाला नावानं हाक पडली पाहिजे, यापलीकडे मला काही नको होतं. आईला विचारलं तर "बघू" एवढंच म्हणाली. तिला जोडीदारीण हवी म्हणून मी रोह्याकडे एका म्हाताऱ्या धवलारणीकडे गेलो. ती पडवीत बसून गायली. दोन कडवी झाली, मग तिनं मांडीवर बोटांनी ठेका धरला, कॅसिओच्या तुकड्याएवढाच वेळ, आणि परत पहिल्या कडव्यावर आली.

"पुढचा नाय येत?"

"सासूचा लय लांब व्हता. पन लोकांना कॅसेटीतला पायजे, मंग तेवढाच ऱ्हायला."

मी तिला न घेताच परतलो.

मांडवाच्या दिवशी सकाळी डीजेवाल्याला मी गप्प बसवलं. उंबराची फांदी बांधून झाली. आई पाटावर बसली आणि गायली. ऐंशीच्या घरातली बाई, पण आवाज खणखणीत. दोन कडवी झाली आणि ती थांबली. ओठ हलत होते. मावशी ओळ उचलेल तशी तिनं शेजारी मान वळवली. शेजारी माझी बायको बसली होती, हळदीचं ताट घेऊन.

मग आईनं माझ्याकडं बघितलं. तक्रार नव्हती त्या बघण्यात. मला माहीत असणार याची तिला खात्री होती.

"पुढं काय रं? तू काढलीस ना कॅसेट?"

माझ्या आईचा धवला मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेला, आणि मला त्याची एक ओळ येत नव्हती. ठेका तेवढा येत होता.

धवला संपला असं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढाच हाय का?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "एवढाच."

तिनं मान डोलावली आणि हळदीचं ताट पुढं घेतलं. बापाला आवतण न जाताच पोरीला हळद लागली.