उशीवरून दिसणारी बाग

“कॅमेरा कुठंय, ताई?”

कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की आमच्या झाडवाल्यांचा हा पहिला प्रश्न. मग डावा डोळा मिटायचा, मान तिरकी करायची, ओणवं व्हायचं, प्रसंगी फरशीवर आडवंही पडायचं. गोरेगावच्या एका स्टुडिओत ते झाडं लावायचे. मातीत नव्हे, मालिकांच्या सेटवर. तुम्ही त्यांचं काम पाहिलंय बरं का. सासू खिडकीपाशी उभी राहून कारस्थान रचते तेव्हा तिच्या खांद्यामागे एक पाम हलतो ना, तो त्यांचा. हलवायचेही तेच, खाली उकिडवे बसून, सुतळीने.

त्याच मालिकांमध्ये मी आत्या असते. कधी सख्खी, कधी चुलत, पण कायम आगलावी. दोन शॉट्सच्या मधल्या वेळात आत्येला कुत्रं विचारत नाही, म्हणून माझी बैठक सेटच्या मागे, त्यांच्या कुंड्यांत. तिथेच मला कळलं की आपल्या नायिकेच्या अंगणातली तुळस ही एक नसून सात आहेत. नायिका रडत रडत तांब्याभर पाणी घालते. दिग्दर्शक म्हणतो, पुन्हा. ती पुन्हा रडते, पुन्हा तांब्या. संध्याकाळपर्यंत तुळस बुडून मरते. “नायिकेला डबल नसतो ताई, पण तुळशीला लागतो,” असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

मूळचे जालन्याकडचे. फोन उचलला की “जय भीम” आणि ठेवताना “जय भीम”, मधलं बोलणं आठ शब्दांचं. आमच्या गावाला झाड म्हणजे एक बाभूळ, तीबी दुसऱ्याच्या बांधावर, असं एकदा म्हणाले होते. आणि या माणसाने तीस वर्षं मुंबईत जंगलं उभी केली.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती आईमुळे.

आई कोकणात, घरामागच्या परड्यात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि भावाने तिला दिंडोशीला माझ्याकडे आणून सोडलं, कारण तो आणि वहिनी दिवसभर दुकानात. गावी तिला बघायला कोणी नव्हतं. माझ्या घरात एक खोली आईला दिली. खोलीला खिडकी आहे, पण खिडकीबाहेर शेजारच्या टॉवरची भिंत. सगळा जन्म माड-फणसांत गेलेली बाई त्या भिंतीकडे बघत पडून राहिली. अर्ध्या भाकरीवर आली. व्यायाम शिकवणारी मुलगी आली की डोळे मिटून घ्यायची. एकच वाक्य: “माका घराक व्हर.” मला घरी ने. भाऊ फोनवर म्हणाला, महिनाभर बघ, नाहीच रुळली तर घेऊन जातो. घेऊन जातो म्हणजे काय, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. रिकाम्या घरात ती दिवसभर एकटी पडून राहणार.

मी ठरवलं, खोली झाडांनी भरायची. हायवेवरच्या नर्सरीत गेले. तिथल्या माणसाने एका पामची किंमत सांगितली. मी विचारलं, यात नारळ धरलेत का? त्याने मला दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बाजूला व्हायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सेटवर हे रडगाणं मी झाडवाल्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रविवारी टेम्पोतून हजर झाले.

आईला मी आंघोळीला नेलं होतं. बाहेर येऊन बघते तर हा माणूस आईच्या पलंगावर उताणा. डोक्याचं तेल लागू नये म्हणून उशीवर स्वतःचा रुमाल पसरलेला, डावा डोळा मिटलेला.

“कॅमेरा इथं आहे ना ताई? मग इथूनच बघावं लागंल.”

दोन तास ते पलंगावर पडत होते, उठत होते, डबे सरकवत होते. दारातून बघाल तर हसाल. पत्र्याचे डबे, ओली रेती, सुतळ्या, माझं इस्त्रीचं टेबल, त्यावर स्टूल. पण उशीवर डोकं टेकलं की यातलं काही दिसायचं नाही. केळीची पानं, आंब्याचे डहाळे, मागे अशोक, खिडकी गायब. आमची वाडीच. खर्च म्हणाल तर टेम्पोवाल्याचा चहा. आई पडल्या पडल्या बघत राहिली, आणि त्या रात्री दीड भाकरी खाल्ली.

दोन दिवस मी आनंदाने सेटवर भलत्याच प्रेमळ आत्या करत होते. दिग्दर्शक वैतागला.

तिसऱ्या दिवशी पानं माना टाकू लागली. चौथ्या दिवशी सगळी वाडी आईच्या डोळ्यांदेखत वाळली. आंब्याचा डहाळा काळा पडला, केळीचं पान मधोमध मोडलं. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. ताट तसंच परत आलं.

मी फोन केला तेव्हा माझा आवाज काही बरा नव्हता. ते तासाभरात आले आणि दारातच उभे राहिले.

“पॅकअप झालं की आम्ही काढून टाकतो, ताई. दोन दिवसांचंच काम असतंय. चौथ्या दिवशी काय होतं ते मी कधी बघितलंच नव्हतं.”

तीस वर्षं झाडांत काढलेला माणूस आपणच उभ्या केलेल्या झाडांकडे, पहिल्यांदा मयताला आल्यासारखा, बघत होता. माझा सगळा राग तिथेच संपला.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. “ह्येंका मुळां खंय आसत रे?”

“नाहीत, आई.”

“मग मुळां असलेली हाड.”

त्यांनी हाडली, म्हणजे आणली. स्टुडिओच्या मागे सेटवरून बाद झालेल्या कुंड्यांचा ढीग असतो. दिव्यांनी होरपळलेला पाम, तीन पानांचा. एक क्रोटन, ज्याला क्रोटन म्हणणं हा निव्वळ विश्वासाचा भाग होता. सातातल्या दोन तुळशी. फेकायच्याच होत्या, कुणी काही मागितलं नाही. खोलीचा सरकारी दवाखाना झाला. उशीवरून बघा नाहीतर दारातून, सगळीकडून सारखाच भीषण.

आणि आई कामाला लागली. रविवारी ते यायचे आणि ती पलंगावरून हुकूम सोडायची. ती कुंडी उजेडात. तांदळाचं धुवण कोमट नको. पिवळं पान काप, अरे शेंडा नको, पान. सेटवर मोठमोठ्या दिग्दर्शकांना न जुमानणारा हा गृहस्थ “हो आई, हो आई” करत तिच्यापुढे कुंड्या फिरवायचा. माती ओली आहे का ते बोट खुपसून बघायला आईला उठून बसावं लागायचं, ती उठून बसू लागली. मग पाय खाली सोडू लागली. एका रविवारी त्यांनी पामची पाठ उजेडाकडे केली, आणि ती वॉकर धरून उभी राहिली, केवळ त्यांना नीट शिव्या देता याव्यात म्हणून. व्यायामवाली मुलगी बघतच राहिली.

महिना संपला. भाऊ गाडी घेऊन आला. मी बॅग भरली नव्हती, पण तिला अडवणारही नव्हते. त्या दिवशी झाडवालेही होते, हातात कात्री, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. भावाने विचारलं, आई, निघूया?

आईने क्रोटनकडे बघितलं. त्याला दोन पानं फुटली होती.

“माका खंय जावचा नाय. ह्येंका कोण बघतलो? ह्यो?” तिने झाडवाल्यांकडे बोट दाखवलं. “ह्येका शेंडो खयचो आणि मूळ खयचा, ता कळणा नाय.”

भर खोलीत झालेला हा अपमान ऐकून ते जे हसले, तसं हसू मी कुठल्या नटाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

पुढे वर्षभर ते येत राहिले. त्यांनी कुठल्याशा लग्नाच्या सेटवरून केळीचा एक कोंब आणला आणि मोठ्या पिंपात लावला. पिंपाला पाणी घालणं हे त्यांचं रविवारचं काम ठरलं, कारण बादली जड. मग स्टुडिओत प्लॅस्टिकची झाडं आली, कंटेनर भरून. ती दिव्यांनी करपत नाहीत, तांब्याने बुडत नाहीत. झाडवाल्यांना कुणी जा म्हणालं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. ते जालन्याला मुलीकडे गेले. जाताना आईच्या पाया पडले. परत कधी येतलंस, असं तिने विचारलं. बघू आई, म्हणाले.

आई आता घरभर हिंडते. सगळ्या कुंड्यांना सकाळी सातच्या आत पाणी घालते, लहान लहान भांड्यांनी. रविवारी मात्र केळीचं पिंप तेवढं कोरडं ठेवते. मी घालायला गेले तर हात धरते. बारा वाजेपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसते.

बारा वाजले की उठते. “आज येवक नाय तो,” असं केळीलाच सांगते, आणि हळूहळू, तांब्या तांब्याने, पाणी घालते.