जीप कोणाच्या चार्जवर होती

फौजेत गाडीला मालक नसतो. गाडी ‘चार्ज’वर असते. एका ड्रायव्हरने दुसऱ्याला गाडी द्यायची तर लॉगबुकात दोन सह्या होतात, एक देणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. पुढे वेळ लिहितात. घेणाऱ्याची सही होईपर्यंत गाडी देणाऱ्याच्याच नावावर राहते. टायर फाटला, पाना हरवला, तर बोलावणं त्यालाच येतं. एवढं आधी नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ याच एका सहीचा आहे.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव बिलोली तालुक्यात, राहायला नांदेडला. ज्या वेळचं सांगतोय तेव्हा मी लान्स नाईक माधव बोडके होतो आणि आमची पलटण पूर्वेकडच्या डोंगरात होती. वरच्या पोस्टवर एकच जीप, ती माझ्या चार्जवर. रोज सकाळी साडेपाचला इंजिन सुरू करायचं, पाणी आणि तेल बघायचं, सहाला रेशन आणि डाक आणायला खाली जायचं, साडेदहाला परत यायचं. थंडीत बॅटरी मान टाकायची. मग पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावं लागे.

पोस्टवर दुसरा ड्रायव्हर होता नाईक दिगंबर ढगे. तो मुदखेड तालुक्यातला. त्याची मोठी गाडी दुरुस्तीला खाली गेली होती, म्हणून तो रिकामा होता. माझं गाव तेलुगू मुलखाच्या सरहद्दीजवळ, म्हणून तो मला ‘अर्धा तेलंगी’ म्हणायचा. मी त्याला ‘स्टेशन मास्तर’ म्हणायचो, कारण मुदखेड जंक्शनच्या गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. पलटणीत मराठवाड्याचे आम्ही दोघंच. जेवण एका ताटात होत असे.

त्या दिवशी वेगळी ड्यूटी होती. एका जवानाच्या पोटात रात्रीपासून कळा येत होत्या. त्याला खालच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी हँडल मारलं. इंजिन उलटं फिरलं आणि हँडलचा फटका माझ्या उजव्या मनगटावर बसला. मनगट जागेवर सुजलं. बोटं मिटेनात.

दिगंबर म्हणाला, “बाजूला हो. मी नेतो.”

मी म्हणालो, “चार्ज घे मग. सही कर.”

“तुला पेन धरता येईना अन् सही मागायलाय? आल्यावर करू.”

तो पाच पन्नासला निघाला. सहा पस्तीसला वायरलेसवर आवाज आला. नाल्याच्या वळणावर रस्त्याची कड खचली होती. जीप खाली गेली होती. आजारी जवान बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. ड्रायव्हर नो मोर. खालच्या ऑफिसने विचारलं, ड्रायव्हरचं नाव काय. तिथल्या क्लार्कने रजिस्टर उघडलं आणि जे लिहिलेलं होतं ते वाचून दाखवलं. लान्स नाईक बोडके माधव.

मी एमआय रूममध्ये, म्हणजे पोस्टच्या छोट्या दवाखान्यात, पट्टी बांधून घेत होतो. शेजारच्या तंबूतला सेट मला स्पष्ट ऐकू येत होता. मी अर्धवट पट्टीनिशी तिथे गेलो. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं आणि हँडसेट दिला.

“लान्स नाईक बोडके बोलतोय. मी वरच आहे. गाडी नाईक ढगेनं नेली होती. ओव्हर.”

 पलीकडून आलं, “परत सांगा. ओव्हर.”

मी परत सांगितलं. सव्वानऊला ऑफिसचं रजिस्टर दुरुस्त झालं. तार बरोबर गेली, दिगंबरच्या गावी. तोवर कागदावर मी मेलेलो होतो, आणि खरं सांगतो, दिगंबरऐवजी माझं नाव होतं ते मला बरं वाटत होतं.

पण गाडीचं लॉगबुक जीपमध्येच होतं. सीटखालच्या डब्यात. त्यात त्या तारखेसमोर कुणीतरी लाल शाईने लिहिलं, ‘अपघात, ड्रायव्हर मृत’, आणि वर चार्ज माझाच. दोन्ही सह्यांच्या जागा कोऱ्या. पुढे पलटणीच्या चौकशीत सगळं खरं लिहिलं गेलं. लॉगबुकाचं ते पान मात्र तसंच राहिलं. मला वाटलं ऑफिस बघेल, ऑफिसला वाटलं मी बघेन. खरं म्हणजे ते पान उघडायची माझी हिंमत नव्हती. जीप वर्कशॉपमधून मागच्या डाव्या पत्र्यावर जाड वेल्डिंग घेऊन परत आली, दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली, आणि काही वर्षांनी जुन्या गाड्यांच्या लिलावात निघाली.

यंदा उन्हाळ्यात लातूरहून भाचीचा फोन आला. ती हसत होती. म्हणाली, “मामा, तुमी तर शहीद झालाव. फोटो पाठवायलेय, बघा.”

फोटोत एका कोचिंग क्लासचं फाटक होतं. फाटकाशी हिरवा रंग मारलेली जीप, तिच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि वर फलक. ‘हुतात्मा लान्स नाईक माधव बोडके यांची जीप’. क्लासमध्ये सैन्यभरतीची वेगळी बॅच होती, त्याची ही जाहिरात. फोटो नातेवाइकांत फिरला. बिलोलीला गेलो तर पारावरची माणसं उठून उभी राहिली आणि एकाने दोन मिनिटं शांतता पाळली. लोकांना चेष्टा सुचत होती. माझं डोकं फिरलं होतं. माझं नाव चढलं म्हणून नाही, दिगंबरचं कुठेच नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने लातूरला गेलो. साडेअकराला क्लासवर पोचलो. आधी मागचा डावा पत्रा पाहिला. वेल्डिंग तिथंच होतं. मग चासी नंबर पुसून पाहिला. तीच जीप.

क्लासचे मालक सूर्यवंशी सर तेव्हा मुलांना जीपसमोर उभं करून सामान्य ज्ञान शिकवत होते. ही गाडी जन्मली दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या फौजेसाठी. ज्या कारखान्याने बनवली तो विकला गेला. घेणाराही पुढे विकून मोकळा झाला. तिसऱ्याकडे असताना फ्रेंच भागीदार आले, मग एका बड्या अमेरिकन मोटार कंपनीने घेतली, मग जर्मन आले, मग नुसता पैसा गुंतवणारे, मग इटालियन, आणि आता इटालियन आणि फ्रेंच एकत्र. “मालक कितीही बदलले, नाव एकच राहिलं. जीप,” असं ते म्हणाले आणि मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. जगातले सगळे मालक त्यांना क्रमाने पाठ होते. फाटकावरचं एक नाव मात्र धड लिहिता आलं नव्हतं.

मी ओळखपत्र दाखवलं. म्हणालो, हुतात्मा मीच. त्यांनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं, खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. पण ऐकायला तयार नव्हता. त्यांनी कपाटातून लॉगबुक काढलं आणि लाल शाईवर बोट ठेवलं. सरकारी कागद आहे, नाव तुमचं आहे, मृत असं लिहिलं आहे. एकाच नावाचे दोघे असतील. मी सांगितलं, सर, मनगट माझं सुजलं होतं. ते म्हणाले, त्याला पुरावा काय? शिवाय ही गोष्ट त्यांनी स्वतः थोडीच रचली होती. ज्या डाळमिलवाल्याकडून जीप घेतली त्यानेच तशी सांगितली होती.

मी डाळमिलवर गेलो. शेठ म्हणाले, आम्ही जीप फक्त शेतावर नेली, गोष्ट तर मुदखेडच्या गफारभाईची. आरसी बुकात तोच पहिला. म्हणजे इथंही हात वर. फौजेत पाना हरवला तर एक माणूस उभा राहून सांगतो, माझ्या चार्जवर होता. इथे एक अख्खा माणूस हरवला होता आणि जो तो मागच्या मालकाकडे बोट दाखवत होता. परतीच्या एसटीत मी शेजारच्या माणसावर विनाकारण खेकसलो. नंतर त्याची माफी मागितली.



मुदखेडला गफारभाई मला स्टेशनमागच्या घरी भेटले. आता डोळ्यांनी कमी दिसतं. लिलावातून जीप त्यांनीच आणली होती आणि बरीच वर्षं मुदखेड ते आसपासची खेडी अशी भाड्याने चालवली होती. लॉगबुक त्यांना सीटखाली सापडलं. गाडी विकताना त्यांनी ते सोबत दिलं आणि नवीन मालकाला बजावलं, की यात कुणाच्या तरी मौतीचं लिहिलंय, रद्दीत टाकू नका. म्हणजे सगळ्या मालकांत नीट चार्ज दिला तो एकट्या गफारभाईने. मी विचारलं, कोणकोणत्या गावांना गाडी जायची? त्यांनी चार गावं सांगितली. तिसरं दिगंबरचं.

दिगंबरच्या घरी मी फक्त एकदा गेलो होतो, तो गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत. पुढे चौकशीच्या कागदाची प्रत त्याच्या बायकोला मिळाली असं ऐकलं होतं. तो कागदच आता पुरावा होता. पण तिच्यासमोर बसायचं म्हणजे ड्यूटी माझी होती हे सांगणं आलं. पहिल्या भेटीत ते मी सांगितलं नव्हतं. तीच लाज घेऊन मी इतकी वर्षं नांदेडहून मुदखेडचा एवढासा रस्ता टाळत होतो.

सुलोचनावहिनींनी मला आवाजावरून ओळखलं. “बसा भाऊजी,” म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मी जायचं होतं. हाताला लागलं म्हणून तो गेला. सहीसुद्धा झाली नाही.

त्यांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

“ठाऊक हाय मला. यात लिवलंय समदं. शाळंच्या मास्तरांनी तवाच वाचून दावलं व्हतं. तुमचा हात सुजला व्हता म्हनून. मी म्हनायची, भाऊजी का येईनात? त्यांचा हात बरा झाला का न्हाई?”

 मी कागद वाचू लागलो. गाडीचा नंबर होता, चासी नंबर होता, ड्रायव्हर नाईक दिगंबर ढगे होता.

मग मी जीपचं सांगितलं. गफारभाईची भाड्याची जीप, तीच ती. 

“दर बाजाराला मी तिच्यातच बसायची,” वहिनी म्हणाल्या. “मागं, डाव्या हाताला. तिथला पत्रा जोडलेला व्हता. लुगडं अडकायचं म्हनून मी त्याच्यावर हात ठेवून बसायची.”

त्यानंतर आम्ही दोघंही रडलो. हे लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आठवड्याभराने मी वहिनींना घेऊन लातूरला गेलो. अकराला पोचलो. सूर्यवंशी सरांनी कागद दोनदा वाचला, चासी नंबर स्वतः जाऊन ताडून पाहिला आणि पेंटरला फोन लावला. वहिनींना म्हणाले, “काकू, चुकलं माझं.” बारा वाजायच्या आत फलकावर दिगंबरचं नाव येणार होतं. मला वाटलं, संपलं.

पण वहिनी जीपभोवती एक चक्कर मारून आल्या आणि त्यांनी विचारलं, “भाऊजी, ती सही ऱ्हायली हाय म्हनलाव. कुठं?”

सरांनी लॉगबुक आणलं. मी ते पान उघडलं. स्वतःच्या हाताने, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. कागद पिवळा पडला होता, लाल शाई विटली होती, कोऱ्या जागा कोऱ्याच होत्या. मी सरांना विचारलं, त्यांनी मान डोलावली. देणाऱ्याच्या रकान्यात मी सही केली. मनगट चांगलं चाललं. वहिनी पेन्शनसाठी सही शिकल्या होत्या. बॉनेटवर पुस्तक ठेवून त्यांनी घेणाऱ्याच्या रकान्यात एकेक अक्षर लावत लिहिलं. ‘सुलोचना दिगंबर ढगे’.

“आता वेळ लिवायची व्हय? किती वाजले?”

माझ्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“पाच पन्नास,” मी सांगितलं. “सकाळचे.”

त्यांनी तसंच लिहिलं.