रेसवाल्यांच्या सह्यांची चादर

डल्सी पास्कोला गाड्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. ती बाथर्स्टमध्येच जन्मली, गावातल्याच माणसाशी तिचं लग्न झालं. ऑक्टोबरात गावामागच्या डोंगरावर रेसच्या गाड्या घुमायला लागल्या की ती आधी दोरीवरचे कपडे आत घ्यायची; नाहीतर त्यांना जळक्या रबराचा वास लागायचा. नवरा क्लॅरी रेल्वेच्या कारखान्यात होता. रेस आली की तो रजा टाकायचा आणि डोंगरमाथ्यावर, स्कायलाइनच्या वळणावर पुढे धोका आहे हे गाड्यांना सांगणारा पिवळा झेंडा घेऊन उभा राहायचा. फुकट. संध्याकाळी गार वाऱ्याने लालभडक झालेलं नाक घेऊन घरी यायचा. एरवी वर्षभर तो डोंगर म्हणजे गावचा साधा रस्ता. पाववाल्याची गाडी त्याच रस्त्याने जायची.

चादरीचा उद्योग सुरू केला तो त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, लोरेलने. नऊ वर्षांची असताना तिने कपाटातली चांगली पांढरी चादर काढली. रेसच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर टेबलं मांडून सह्या द्यायला बसतात, तिथे ती चादर घेऊन गेली आणि अर्धा कोपरा भरून आली.

"कार्टे, माझ्या लग्नातली चादर आहे ती!" डल्सी ओरडली.

"मग? वापरतेस कुठे तू?"

"आणि धुतली की? शाई जाईल, डाग तेवढे राहतील."

"म्हणून तर तुझ्याकडे आणली. सुईदोऱ्याने भर ना त्यावर. मग नाही जाणार."

डल्सी आठवडाभर धुसफुसली. मग एका दुपारी दोऱ्याचा डबा घेऊन बसली. ज्याच्या गाडीचा जो रंग, त्या रंगाने त्याची सही. कुणाची निळी, कुणाची हिरवी. लोरेल शेजारी बसून सांगायची, हा कोण, त्याचं इंजिन कसं, गेल्या वर्षी त्याचं चाक कुठे निखळलं. डल्सीच्या डोक्यात त्यातलं काही शिरत नसे, पण पोरगी शेजारी बसते आहे एवढंच तिला पुरे होतं.

पुढे हे दरवर्षीचंच झालं. लोरेल मोठी झाली, गावातल्या गॅरेजात काम शिकायला लागली. एवढी एकच मुलगी तिथे. पहिल्या महिन्यात पोरांनी तिची खूप टर उडवली, मग गिअरबॉक्स अडला की तीच पोरं तिला हाका मारू लागली. चादर घेऊन मात्र ती लहानपणासारखीच रांगेत उभी राहायची. डल्सीही जायची, थर्मास आणि मटणाची सँडविचं घेऊन.

सगळ्यांत वाईट सही होती रेक्स टॉल्हर्स्टची. कोंबडीने पाय आपटल्यासारखी. ती नारिंगी दोऱ्याने भरताना डल्सी वैतागायची. "याला शाळेत कुणी धरून बसवलं नव्हतं का गं?"

"आई, तो स्कायलाइनवरून कसा उतरतो ते बघ, मग बोल!"

लोरेल एकोणीस वर्षांची होती त्या ऑक्टोबरात तिने त्याला सरळ विचारलंच. "मिस्टर टॉल्हर्स्ट, स्कायलाइनवर तुम्ही नेमकं काय करता? पुढचा रस्ता तर दिसतच नाही."

टॉल्हर्स्टने सही करता करता डोळा मारला. "डोळे मिटायचे, ॲक्सिलरेटरवर पाय तसाच दाबून धरायचा. पुढचं डोंगर बघून घेतो."

रांग खो खो हसली. मागे थर्मास धरून उभी असलेली डल्सीही हसली.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं, तेव्हा लोरेल गॅरेजातल्या ब्रायसबरोबर नुकतीच दुरुस्त केलेली गाडी चालवून बघायला डोंगरावर गेली. गाडी ती चालवत होती. स्कायलाइनच्या खाली गाडी रस्ता सोडून झाडांत गेली. ब्रायसचा पाय मोडला. लोरेल जागच्या जागी गेली. पोलीस दारात आले तेव्हा क्लॅरी मागच्या अंगणात टोमॅटोंना पाणी घालत होता. डल्सीने दार उघडलं. त्यांनी टोप्या काढलेल्या पाहूनच तिला कळलं.

ब्रायस दवाखान्यात रडत रडत सांगत राहिला. "माथ्यावर आल्यावर ती हसली, मिसेस पास्को. म्हणाली, बघ हं, टॉल्हर्स्ट काय म्हणाला होता..."

"डोळे मिटले होते का तिने?"

"मी रस्त्याकडे बघत होतो. मला नाही माहीत."

हे एवढंच डल्सीला कधी कळलं नाही. भांडी घासताना, चर्चमध्ये, दुकानात सुट्टे पैसे घेताना तोच प्रश्न तिच्यासमोर येऊन उभा राहायचा.

ऑक्टोबर आला. क्लॅरीने खालमानेने विचारलं, "मी जाऊ ना झेंड्याला?"

"जा. तुला कोण अडवतंय!"

रेसच्या आदल्या दिवशी तो सरावाच्या फेऱ्यांना गेल्यावर तिनेही कोट चढवला. हातात चादर नाही, काही नाही. टॉल्हर्स्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने महिनोन्महिने घोटून ठेवलं होतं. माझी पोरगी तू मारलीस. एवढंच, पण सगळ्यांसमोर.

तिची पाळी आली. टॉल्हर्स्टने तिचे रिकामे हात पाहिले आणि स्वतःचा एक फोटो पुढे ओढला. "नाव काय घालू?"

"लोरेल."

पेन थांबलं. त्याने वर पाहिलं. "तुम्ही चादरवालीच्या आई ना? कुठंय ती? सकाळपासून वाट बघतोय. यंदा तिला गाडीत बसवून फिरवायचं कबूल केलं होतं मी!"

डल्सीला घोटलेलं एकही वाक्य आठवेना. ती म्हणाली, "फेब्रुवारीत गेली ती. स्कायलाइनवर. तुम्ही सांगितलं होतं तसं करायला गेली."

त्याने पेन खाली ठेवलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आटपा की!"

"मी... ते मी सगळ्याच पोरांना म्हणतो," तो कसाबसा बोलला. "गंमत असते ती."

"माहीत आहे. मीही हसले होते."

फोटो टेबलावरच ठेवून ती वळली.

रेसच्या दिवशी संध्याकाळी क्लॅरी आला, बूट न काढताच खुर्चीत बसला. "डल, टॉल्हर्स्ट आज प्रत्येक फेरीला माथ्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत होता. पहिल्या ओळीतून सुटला आणि पार मागे पडला. लोक शिट्ट्या मारत होते."

ते ऐकून आपल्याला थोडं बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

सोमवारी गाव रिकामं झाल्यावर टॉल्हर्स्ट स्वतःच दारात आला. डल्सीने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला. त्याने तो प्यायला नाही. कप बाजूला सारला आणि म्हणाला, "ती चादर बघू का?"

तिने आणून टेबलावर पसरली. अकरा वर्षांची नावं. नारिंगी सह्या त्याने एकेक करून शोधल्या, बोटाने चाचपल्या.

"मिसेस पास्को, माझं नाव उसवून टाका यातून. तुम्हाला जमणार नसेल तर मी उसवतो. इथे राहायची लायकी नाही त्याची."

डल्सीने चादरीवर हात ठेवला. "हात लावू नका. ही नावं तुमची नाहीत. रांगेत उभी राहून आणली आहेत तिने. तिची आहेत ती."

तो टेबलावर डोकं टेकवून रडला. एवढा मोठा माणूस. डल्सीने त्याला उगी केलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ती समोर बसून राहिली. मग क्लॅरी त्याला फाटकापर्यंत सोडून आला.

पुढच्या वर्षीही टॉल्हर्स्ट सह्यांना बसला. क्लॅरी सांगायचा, पोरांनी स्कायलाइनचं विचारलं की तो आता हसत नाही. हळू उतरा म्हणतो, आणि मग पोरं कंटाळून दुसऱ्या टेबलाकडे जातात. त्यानंतर तो आलाच नाही. रेस सोडली म्हणाले.

क्लॅरी म्हातारा होईपर्यंत झेंडा धरत राहिला. ज्या वळणावर लेक गेली तिथेच तो का उभा राहतो, हे डल्सीने त्याला एकदाच विचारलं.

"कुणीतरी हात करायला नको का तिथे?" तो म्हणाला.

त्यानंतर दर ऑक्टोबरात ती त्याला डबा बांधून द्यायची, लोकरीचा मफलर गळ्यात नीट गुंडाळायची. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायची. कोण जिंकलं ते तिने कधी विचारलं नाही, त्यानेही कधी सांगितलं नाही.