मुलाखतीतलं एक ‘व्हय’

“ते मला येत न्हाय,” असं ती सरळ सांगायची. मान खाली नाही, आवाज बारीक नाही. वर लगेच म्हणायची, “दोन दिवस द्या की, शिकून घेते.”

कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. गाव गगनबावड्याकडचं, घरी शेती. न येणाऱ्या गोष्टीची लाज न वाटणारी अशी एखादी तुमच्याही ऑफिसात असेल. एकदा मोठ्या क्लायंटसमोर ती हेच बोलली आणि आमच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. त्या क्लायंटनं मात्र पुढं प्रत्येक फोन तिलाच केला.

कंपनी बंद पडली, तेव्हा आम्ही दोघी पुण्यातल्या नोकऱ्या शोधू लागलो. कोल्हापुरातच, कसबा बावड्यात माझ्या खोलीवर लॅपटॉपसमोर बसून ती ऑनलाइन मुलाखती द्यायची. कोड लिहायच्या फेरीत हमखास पास व्हायची. तोंडी प्रश्न सुरू झाले, की तेच वाक्य, आणि मग नकार. मला पुण्यात नोकरी लागली, रुजू व्हायला अजून महिना होता; ती मागे राहिली. घरचे दिवाळीपर्यंत थांबणार होते. नंतर मामांच्या ओळखीनं वारणानगरला कारकुनी, असं ठरलं होतं.

थोडं रेटून बोल, असं तिला सगळेच सांगत होते. एका मुलाखतीत तिनं त्यांचं ऐकलं. जुन्या कंपनीतलं एक ॲप तू एकटीनं केलंस का, असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं. ते काम तिघांचं होतं. तिनं घाईत “व्हय” म्हटलं. बाई खूश झाल्या. निवड झाल्याचा मेल आला.

मी तिला मिसळ खायला घेऊन गेले. तिनं पावालाही हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना फोन करून खरं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वरिष्ठांशी बोलते म्हणाल्या. काही दिवसांनी निवड रद्द झाल्याचं कळलं.

“कशाला सांगितलंस?” मी चिडून विचारलं.

“रोज त्या बाईंच्या तोंडाकडं कसं बघितलं असतं?”

मला वाटलं, निदान त्याचं तरी तिला समाधान असेल. वारणानगरला रुजू झाल्यावर एकदा फोनवर ती म्हणाली, “खरं सांगू? गप बसायला पायजे होतं. मला ती नोकरी लई पायजे होती.” त्यानंतर हळूहळू फोन कमी झाले.

शेवटची भेट एसटी स्टँडवर झाली. मी सुट्टीला आले होते, ती गाडीची वाट बघत होती. सध्या कशावर काम करतेस, असं तिनं विचारलं. मी सांगायला लागले, तेवढ्यात वारणानगरची गाडी लागली. मी थांबले.

“सांग की,” ती म्हणाली.

मी सांगत राहिले. ती मधूनमधून प्रश्न विचारत होती. गाडी भरून निघून गेली. बऱ्याच वेळानं दुसरी आली. तिच्याकडंही तिनं बघितलं नाही.