यांची अळंबीची जागा

दर ऑगस्टात अळंबी आणायला आमचे हे एकटेच जायचे. हारोहळ्ळीच्या पुढं कुठंतरी त्यांचं अळंबी उगवणारं वारूळ होतं. अळंबीची जागा घरच्यांनाही सांगायची नाही, अशी तिकडची रीत. यांनीही सांगितली नाही आणि गेल्या वर्षी ते गेले. यंदा ठरवलं, ती जागा आपण शोधायची.

बसवनगुडीहून मेट्रोनं कनकपुरा रोडचं शेवटचं स्थानक गाठलं, पुढं बस. सातच्या आत निघा, नाहीतर उभ्यानं जावं लागतं. बसमध्ये मी वारुळांबद्दल वाचलेलं आठवत होते. वाळवी लाकूड कुरतडून आणते, पण तिला ते पचत नाही. वारुळातली बुरशी जागची हलत नाही, पण लाकूड मऊ करून देते. वाळवी वर्षभर अंधारात राबते. बुरशीची अळंबी चार दिवस वर येते आणि कौतुक तिचंच होतं. एकीवाचून दुसरी जगत नाही, असं पुस्तकात होतं. तिथंच मी ते मिटलं होतं.

थांब्यासमोर तट्टे इडली खाल्ली; ताटलीएवढी एकच पुरते. मग पायवाट. तीन वारुळं दिसली, तिन्ही कोरडी. टोपलीत अळंबी घेऊन एक म्हातारी येत होती, लक्ष्मक्का. तिला मोबाइलमधला यांचा फोटो दाखवला.

“अय्यो, हे यजमान! दरवर्षी माझ्याकडूनच घ्यायचे की.”

“त्यांना जागा माहीत होती ना?”

“त्यांना? पहिल्यांदा विषारी उपटून आणली होती. मीच फेकायला लावली. मग म्हणायचे, अक्का, देठाला स्वल्प माती राहू दे, घरी माझी अब्रू आहे.”

मी तिथंच बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ती माती मी किती कौतुकानं धुवायचे!

“मग तुझी जागा तरी दाखव.”

“छे! सुनेला नाही दाखवली.”

“बरं, वाळवी वारूळ सोडून गेली तर?”

“अळंबी येत नाही मग. दुसरं येतं, काळं, काड्यांसारखं.” ती टोपली उचलत म्हणाली, “पण येतं काहीतरी.”

तुम्ही गेलात तर आपल्या मनानं काही उपटून खाऊ नका. ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या, आमचे हे घ्यायचे तशी.

संध्याकाळी मुलगी सर्जापूर रोडहून जेवायला आली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथं निर्धास्त लिहिते आहे. लक्ष्मक्काकडून घेतलेल्या अळंबीचा ओलं खोबरं, मिरी घालून रस्सा केला होता.

“आई, अप्पांची जागा सापडली?”

“सापडली.”

“कुठं आहे?”

“जागा कुणी सांगतं का गं?” मी म्हटलं आणि तिला आणखी वाढलं.