साडेआठशे वॅटचं सिमेंट

"ताई, तुमचा तो स्टॅबिलायझर लावला, तरी हे डबडं मधातच बंद पडून राह्यलं नं!"

मोहनभाऊंनी कॅबिनेट माझ्या काउंटरवर ठेवलं. समुद्रपूरहून एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. मागे त्यांची मुलगी प्राची उभी, रडवेली.

वर्ध्यात माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे. ही मशीन मीच दोन आठवड्यांपूर्वी जोडली होती. प्राचीला गेमिंगचा नाद, आणि शिक्षण ॲनिमेशनचं. म्हणून दोन ग्राफिक्स कार्डं. आजकालच्या गेमला एकच कार्ड पुरतं, दुसरं नुसतं बसून राहतं. पण ॲनिमेशनची फिल्म तयार करताना, म्हणजे रेंडरिंगला, दोन्ही जुंपता येतात. वेळ जवळजवळ निम्मा होतो.

पुण्याच्या एका स्टुडिओनं तिला नोकरीसाठी टेस्ट दिली होती. फिल्म दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाठवायची होती. आणि रेंडरिंग सुरू केलं की मशीन ठप्प.

"गेम मात्र मस्त चालतो, ताई," प्राची म्हणाली.

"पाहा! कामाच्याच टायमाले बंद पडते. अगदी इच्यासारखीच हाय," मोहनभाऊ म्हणाले. तेवढ्यातही पोरगी हसली.

फोनवर मी बिनधास्त व्होल्टेजवर खापर फोडलं होतं आणि स्टॅबिलायझर लावायला सांगितलं होतं. विजेला नावं ठेवणं सोपं, ती उलटून बोलत नाही. पण दुकानातही तेच झालं. एक कार्ड चालवलं, ठीक. दोन्ही चालवली, खट्! बंद.

म्हणजे दोष एसएमपीएसचा. घरातली वीज कॉम्प्युटरला झेपेल अशी करून देणारा हा लोखंडी डबा. हिशेब मी नीट केला होता. एकेक कार्ड सव्वादोनशे वॅट खातं, दोन मिळून साडेचारशे. बाकी मशीनचे दोनशे. वर थोडी ढील, म्हणून साडेआठशेचा डबा. नेहमीची कंपनी त्या दिवशी मिळाली नाही, होलसेलवाल्यानं दुसरीच दिली. मी डबा हातात तोलून पाहिला आणि घेतला. माझ्या उस्तादांनी शिकवलेलं, आत तांबं भरपूर असेल तर डबा जड लागतो. जड तो अस्सल.

मी तो काढून मोहनभाऊंच्या हातात दिला. "वजन बघा भाऊ. हा खोटा असूच शकत नाही."

मोहनभाऊ कापसाचे व्यापारी. त्यांनी डबा न तोलताच परत काउंटरवर ठेवला.

"ताई, वजन मले काऊन दाखवता? आमच्याइथं वजन वाढवाले कापसावर पाणी मारतेत. मधात गोटे टाकतेत. गाडी आली का मी पह्यले कोपरापर्यंत हात आत घालतो, मग काट्यावर नेतो. तुमी आत पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. एसएमपीएस उघडायचा नसतो, प्लग काढल्यावरही आत करंट साठून राहतो, जबर झटका बसतो. पण जाळीतून बघायला कोणी अडवलं होतं? मी पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारला.

आत सिमेंटची वडी होती! चांगली साबणाएवढी, कडेला चिकटवलेली.

मोहनभाऊंनी वाकून पाहिलं आणि हसत खुर्चीतच बसले. "अरे बापा! आमच्या कापसात गोटे, तुमच्या मशीनमधात सिमेंट! चोर कुठचाबी असो, शाळा एकच!"

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मग मी लेबल वाचलं. वर ठळक साडेआठशे. खाली बारीक अक्षरांत खरी गोष्ट. कार्डांना जी बारा व्होल्टची वीज लागते, ती फक्त तीस अँपिअर. बारा गुणिले तीस, तीनशे साठ वॅट. गेमला पुरेल एवढीच. डब्यानं मला सांगितलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

"चूक माझी आहे, भाऊ," मी म्हटलं. माझ्या स्वतःच्या मशीनमधला हजार वॅटचा एसएमपीएस काढला. आधी लेबल वाचलं, मग टॉर्च मारला, मग प्राचीच्या मशीनमध्ये बसवला. प्रत्येक कार्डाला वेगळी केबल दिली.

प्राचीनं रेंडरिंग सुरू केलं. दोन मिनिटं गेली. पाच गेली. दोन्ही कार्डांचे पंखे घरघरत राहिले. मोहनभाऊंनी आलुबोंडे आणले, पण कोणी हात लावेना. तिघंही स्क्रीनवरची पट्टी सरकताना बघत होतो. संध्याकाळी शंभर टक्के झाले, आणि प्राचीनं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा पडला. फिल्म माझ्याच दुकानातून पुण्याला गेली. थंडगार आलुबोंडे इतके गोड मी कधी खाल्ले नाहीत.

आठ दिवसांनी मोहनभाऊंचा फोन आला. "ताई, पोरगी नोकरीले लागली!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा टेलर कात्री घेऊन धावत आला.

त्या दिवसापासून मी एसएमपीएस आधी वाचते आणि मग उचलते. उस्ताद चुकले नव्हते, पण त्यांच्या काळी सिमेंट फक्त घरं बांधायला वापरत.

तो डबा मी भंगारात टाकणार होते. मोहनभाऊंनी मागून नेला. आता त्यांच्या गादीवर पंख्याखाली पावत्यांवर ठेवलेला असतो.

"साडेआठशे वॅटचा नसंल ताई," ते म्हणतात, "पण कागद एक उडू देत नाई."