कोंडाजीच्या भिंगऱ्या

झुंबरबाई लग्न होऊन वळवणला आली तेव्हा तिच्या गळ्यात काळ्या पोतीबरोबर सवतीचा टाकही बांधला गेला. कोंडाजीची ती दुसरी बायको. पहिली नंदा, सोमाटण्याची, बाळंतपणात गेली होती. मेलेल्या बायकोची मूर्त चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवून ती दुसरीने गळ्यात घालायची, म्हणजे पहिलीचा जीव घरात घोटाळत राहत नाही, अशी रीत आहे. टाक चिंचेच्या कोवळ्या पाल्याएवढा नव्हता, चांगला अंगठ्याएवढा होता. त्यावर हात जोडून उभी असलेली एक बाई होती, आणि तिचं नाकडोळे असलेलं तोंड पुढे बोटांनी हळूहळू झिजत गेलं.

पहिले काही महिने झुंबरबाईला त्या टाकाची भीतीच वाटे. रात्री कूस बदलताना तो थंडगार पत्रा छातीला लागला की ती दचकून उठे. पुढे सवय झाली, आणि सवयीची मग माया झाली. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. जात्यावर बसली की ती टाकाशी बोले. तुमच्या मालकांना आज भाकरी कडक लागली बरं का, त्यांच्या दाढा तुमच्या वेळी होत्या तशा राहिल्या न्हाईत, असं काहीबाही. तिला स्वतःचं माहेर नव्हतं. आईबाप तापाच्या साथीत गेलेले, चुलत्याने वाढवून बिजवराच्या पदरात टाकलेली. पण पहिलीची आई ती दुसरीची आई, हीसुद्धा रीतच. नंदाची आई मुक्ताबाई दर वर्षी पितरपाटात अविधवा नवमीला सोमाटण्याहून चालत तळेगावला येई, गाडीने लोणावळ्याला उतरे, आणि तिथून वळवण गाठी. सवाष्ण गेलेल्या बाईचा तो दिवस. म्हातारी ओसरीवर टेकली की म्हणे, "नंदा दे बाई माझी." झुंबरबाई टाक काढून तिच्या तळहातावर ठेवी. म्हातारी त्याला गालाशी लावी, खिरीचं बोट लावी, आणि मग झुंबरबाईच्या तोंडात तेच बोट घाली. नंदाचा फोटो कधी निघाला नव्हता. तिची आठवण म्हणून जगात तेवढा एक पत्राच होता.

कोंडाजी वाईट माणूस नव्हता, असं गाव म्हणे. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात नाही. तळ्याच्या वरच्या अंगाला त्याचं भाताचं खाचर होतं, आणि उरलेला वेळ तो तळ्यावर मासे धरायला येणाऱ्या साहेबलोकांच्या मागे काठ्या-पिशव्या वाहत असे. त्यात रेल्वेतला एक हर्बर्ट साहेब होता. गाव त्याला हरबासाहेब म्हणे. तो गांडूळ लावून मासे धरत नसे. त्याच्या दोरीच्या टोकाला पितळेचं एक पातं असे, पाण्यातून ओढलं की गरगर फिरणारं. मोठी खडशी त्याला लहान मासळी समजून झडप घाली आणि पात्यामागच्या गळात अडके. कोंडाजीने त्याला भिंगरी नाव दिलं होतं.

लढाई सुरू झाली आणि विलायतेहून भिंगऱ्या यायच्या बंद झाल्या. हरबासाहेबाच्या डबीतल्या एकेक करून तळ्यातल्या बुडालेल्या झाडांत अडकून गेल्या. तेव्हा कोंडाजी म्हणाला, साहेब, मी घरी बनवून देतो. लोणावळ्याच्या बाजारात मकसूद कल्हईवाल्याच्या दुकानापुढे दोन दिवस बसून तो कथलाने जोड लावायला शिकून आला, आणि झुंबरबाईच्या घराची रया गेली.

पहिल्यांदा पितळेची वाटी गेली. तिचं बूड कापून त्याने पिंपळाच्या कोवळ्या पानासारखं पातं काढलं, उखळाच्या खोलगट दगडात ठोकून त्याला पोट आणलं, चिंच आणि राखेने घासलं. पोट नसेल तर पातं फिरत नाही, नुसतं लटपटतं, हे तो तिला चार चारदा सांगे. मग पळी गेली. मग ताम्हनाचा काठ. पातं सहज फिरावं म्हणून वर-खाली काचेचे मणी लागत, ते तिच्या जुन्या पोतीचे गेले. तार तुणतुण्याची, गोंधळ्याकडून मागून आणलेली. तीन गळ पाठीला पाठ लावून तो तिच्याच चुलीवर कथील वितळवी आणि जोडी. शेपटीला कोंबड्याच्या मानेची पिसं. त्यासाठी कोंबडा जिवंतच मांडीखाली दाबून त्याची मान तो उघडी करी. भिंगरी फिरते की नाही हे बघायला तळ्यापर्यंत कोण जातं? तो ती पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात फिरवून बघे. एकदा झुंबरबाईने पाणी प्यायला तांब्या बुडवला तर वर माशाचा एक खवला तरंगत आला. तिने हंडा ओतून दिला, राखेने तीनदा घासला, तरी त्या दिवशी तिने पाणी घेतलं नाही.

त्याच्या हाताला वास येऊ लागला. माशाच्या वाळलेल्या चिकट्याचा, गंजाचा, कथलाचा. तो गळ ओठांत धरून गाठी मारी आणि त्याच तोंडाने तिच्याशी बोले. जेवताना त्याचं बोट भाजीत गेलं की तिचा घास फिरे. आणि हे सगळं पोटासाठी असतं तरी तिने गिळलं असतं. पण हरबासाहेब खडशी खात नसे. तो ती जांभळीच्या फांदीला टांगे, शेजारी उभा राहून फोटो काढवून घेई, आणि निघून जाई. दोन दिवसांनी तिचे डोळे कावळ्यांनी नेलेले असत, पोट फुटून आतली अंडी खाली लोंबत असत, आणि वाटेने जाणारी बाई पदर नाकाला लावून जाई. कधी साहेब खुशीत येऊन म्हणे, कोंडाजी, घेऊन जा. मग कोंडाजी ती आंबलेली मासळी डोक्यावर मिरवत आणी, जणू गावाने फेटा बांधला.

त्या वर्षी भादव्यात तळं काठोकाठ भरलं होतं आणि पाणी गढूळ होतं. पितळ दिसेना. साहेब चिडला होता. कोंडाजी घरी येऊन दोन दिवस म्हणत होता, चांदी पाहिजे, गढूळ पाण्यात चांदीच चमकते. झुंबरबाई त्या दिवसांत बाजूला बसली होती. बाजूला बसली की ती टाक काढून देवळीत ठेवी आणि न्हाणं झाल्यावर पुन्हा गळ्यात घाली. पाचव्या दिवशी न्हाऊन आली, देवळीत हात घातला, तर हळदीचा डाग तेवढा होता.

तिला आधी उंदीर वाटला. तिने घर झाडलं, केर चाळला, कणग्या हलवल्या. संध्याकाळी कोंडाजी आला तो हसतच. खाली बसायच्या आधीच त्याने सांगायला सुरुवात केली. मकसूदकडे घेऊन गेलो तर त्या शहाण्याने दारातनंच परत दिला, म्हणाला, ह्याला मी हात लावायचा न्हाई. मग घरीच केला. आणि पहिल्याच फेकीला, अगं, पहिल्याच फेकीला एवढी खडशी.

"काय घरीच केलं?" झुंबरबाईने विचारलं.

"भिंगरी. तुज्या सवतीची. लय नशिबाची निगाली बग."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग तिने विचारलं, ती कुटं हाय. कोंडाजी म्हणाला, खडशीच्या तोंडात. मासळी खोल गेली, बुडक्या खुंटाला दोरी घासली आणि तुटली. साहेब आधी चिडला, मग हसला, म्हणाला, असलीच आणखी एक कर.

त्याला वाटलं, ती चांदीसाठी हळहळते आहे. त्याने समजूत घातली. "झिजल्याला टाक पाण्यातच सोडत्यात का न्हाई? तोंड तर कवाच गेलतं तिचं. मी येगळं काय केलं?"

झिजलेला टाक पाण्यात सोडतात हे खरंच होतं. पण हळदकुंकू लावून, नवा टाक घडवून, हात जोडून सोडतात. त्याला भोक पाडून, मागे तीन गळ आणि कोंबड्याची पिसं बांधून कुणी सोडत नाही. तिला नुसतं ते दिसत राहिलं. हात जोडलेली ती बाई गढूळ पाण्यात गरगर फिरते आहे, आणि खालून एक उघडं तोंड येतं आहे. त्या रात्री तिने भाकरी केली, वाढली, आणि स्वतः पाणीसुद्धा न घेता पडून राहिली. गळा हलका लागत होता. तो हलकेपणा तिला सोसवेना.

नवमी तोंडावर आली होती. मुक्ताबाई येणार. तिने नवऱ्याला तेवढंच विचारलं, आईला काय सांगायचं. त्याने तेही मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या सिगारेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून बसला. खिळ्याच्या टोकाने ठिपके देत देत त्याने एक बाई उठवली. मागे डब्याचा लाल रंग राहिला होता, तो विटकरीने खरवडला. वर कल्हई फिरवली. काम साफ होतं, हाताला त्याच्या कला होतीच. टाक तिच्यापुढे धरून तो म्हणाला, "म्हातारीच्या डोळ्यांत फुलं पडल्यात. खडशीसारखी खडशी फसती, ती का न्हाई फसायची?"

झुंबरबाईने तो घेतला. का घेतला, हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं असेल. पण गळ्यात घालायला तिचा हात उचलेना. नवमीच्या सकाळी खीर-वडे झाले, अंगणात म्हातारीची काठी वाजली, तेव्हाच तिने दोरा डोक्यातून घातला.

मुक्ताबाई त्या वर्षी फारच वाकली होती. ओसरीवर टेकून तिने श्वास आवरला, झुंबरबाईच्या गालावरून हात फिरवला, वाळलीस गं, म्हणाली. मग हात पुढे केला.

"नंदा दे बाई माझी."

झुंबरबाईने तो पत्रा तिच्या तळहातावर ठेवला. म्हातारीने तो गालाशी लावला. डोळे मिटले. अंगठा त्या ठिपक्यांवरून फिरला, पुन्हा फिरला. "औंदा तोंड बरं लागतंय गं हाताला," ती म्हणाली, आणि खिरीत बोट बुडवून त्या सिगारेटच्या डब्याला खीर भरवू लागली.

कोंडाजी दारात उकिडवा बसला होता. इतका वेळ तो म्हातारीच्या हाताकडे टक लावून बघत होता, पाण्यात दोरी टाकल्यावर तिच्या टोकाकडे बघावं तसा. आता त्याने श्वास सोडला आणि झुंबरबाईकडे बघून हसला. मासा लागल्यावर तो असाच हसे.

ती उठली, परड्यात गेली, आणि तिला भडभडून उलटी झाली. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी पडलं. तोंड धुऊन ती परत आली, म्हातारीच्या पुढ्यात बसली आणि तिच्या हातातून तो पत्रा काढून घेतला.

"आई, ही न्हाई ती," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं. देवळीपासून खडशीपर्यंत. कोंडाजी मध्ये मध्ये, अगं, अगं, करत होता, पण ती थांबली नाही.

मुक्ताबाईचं खिरीचं बोट तसंच वर राहिलं होतं. ते तिने पदराला पुसलं. रडली नाही. इतकी वर्षं ती कोंडाजीला जावयबापू आणि तुमी म्हणत आली होती. तिने तोंड दाराकडे वळवलं.

"मासा घावला का?"

"न्हाई," कोंडाजी म्हणाला. "दोरी तुटली, मामी."

"मंग सुटली म्हणायची. बरं झालं. तुज्या हातातनं सुटली माजी लेक."

म्हातारी काठी चाचपत उठली. पानावर बसली नाही, पाणीही मागितलं नाही. झुंबरबाईने चुलीतली लाकडं बाहेर ओढली, दांडीवरचं एक लुगडं काखेत मारलं, तो पत्रा उंबऱ्यावर ठेवला आणि म्हातारीचा हात धरला. कोंडाजीला वाटलं ती स्टेशनपर्यंत पोचवायला चालली आहे. त्याने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग खीर खाऊन घेतली.

तो न्यायला सोमाटण्याला आला, एकदा एकटा आणि एकदा चार मंडळी घेऊन. मंडळींनी झुंबरबाईलाच चार शब्द सुनावले. एवढ्याशा चांदीसाठी कुणी नांदतं घर टाकतं का, कोंडाजी नवा टाक करून घालायला तयार आहे. ती म्हणाली, नवा करा, त्याचं घर सांभाळायला जी येईल तिला घाला. स्वतः उठून तिने सगळ्यांना पाणी दिलं. कोंडाजीला मात्र तांब्या खाली ठेवून दिला, हातात नाही.

ती सोमाटण्यातच राहिली. लोकांच्या भाताच्या लावणीला गेली, गवत कापलं, तळेगावच्या बाजारात भाजी नेली. मुक्ताबाईची दृष्टी पुढे पार गेली, तिला न्हाऊमाखू घातलं, शेवटचं पाणीही हिनेच पाजलं. अविधवा नवमीला दोघी खीर करत आणि पवनेच्या पाण्यात सोडत. वळवणच्या तळ्याचं पाणी इकडे येत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. लढाई संपल्यावर विलायती माल पुन्हा येऊ लागला आणि कोंडाजीच्या भिंगऱ्या कुणी विचारीना, असं वळवणकडचं कुणीतरी सांगत आलं. तिने ऐकून घेतलं.

बायका मात्र तिला विचारत राहिल्या. पाणवठ्यावर, खुरपताना, नव्याने लग्न होऊन आलेल्या पोरी तर हटकून.

"मारत हुता का गं?"

"न्हाई."

"प्यायचा?"

"न्हाई बाई."

"मंग?"

झुंबरबाई खुरपं थांबवून मान वर करी. दर वेळी जणू पहिल्यांदाच विचारलं आहे, अशी.

"त्याच्या हाताला वास यायचा," ती म्हणे, आणि पुन्हा खाली वाके.